शनिवारचं लोखंड

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे काही झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

कोयनेच्या फुगवट्यावर लाँचमधून फिरायला पुष्कळ लोक जातात. बामणोलीच्या काठावर गाडी लावतात, पाण्यावर एक चक्कर मारतात, फोटो काढतात, भजी खाऊन परत फिरतात. माझी सासुरवाडी त्या पाण्याच्या पार शेपटाला आहे. फोटोवाले तिथवर पोचत नाहीत. खोरं तिथं इतकं निमुळतं होतं की मार्चात पाणी उतरलं की मोठ्या लाँचा गाळात बसतात. त्या दिवसांत वाडीपर्यंत एकच लाँच जाते, बुडाला चपटी, माझे थोरले मेहुणे किसनआबा यांची. तिच्यातलं दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन आबांच्या वडिलांच्या काळातलं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. इंजिन मात्र बंद पडलं नव्हतं. ते मी पाडलं.

गुरुवार, पाण्याच्या मधोमध

साताऱ्याच्या एका कचेरीत आयुष्यभर टेबलामागं बसून निवृत्त झालो आणि हवापालटाला म्हणून बायकोबरोबर वाडीला आलो. गुरुवारी आबा त्यांच्या पोरीला, कोमलला, घेऊन बामणोलीला निघाले होते. तिचं दहावीचं हॉल तिकीट आणायचं होतं. मी उगाच बरोबर गेलो. येताना पाण्याच्या बरोब्बर मध्यावर जळका वास सुटला. आबांनी इंजिन बंद केलं.

"जाळीत काय तरी अडाकलंय. पाणी वर वढंना झालंय," आबा म्हणाले. "गप बसा. कशालाबी हात लावू नका."

तळ्याचं पाणी इंजिनात फिरतं आणि ते थंड राहतं, एवढं मला ठाऊक होतं. आबा मागच्या कडेवर पालथे झाले आणि कमरेपर्यंत पाण्यात वाकले. इंजिन थांबल्यावर जी शांतता पसरली, तसली शांतता मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ऐकली नव्हती. चारी बाजूंना डोंगर, आणि मध्ये आम्ही.

"आबा, खोल किती असेल इथं?"

"खाली आमचं जुनं गाव हाय. धरणात गेल्यालं." पाण्यातून आवाज आला. "आत्ता आपून चावडीवर आसू."

आता मला सांगा, चावडीवर बसावं ते चावडीच्या ओट्यावर. चावडीच्या इतकं वर, हलत्या फळीवर बसायची वेळ कुणावर येऊ नये. त्यात इंजिनाच्या माथ्यावरचा रंग फुगून त्याचे फोड यायला लागले. वाफ, मग धूर. माझ्या डोळ्यांपुढं पेटलेली लाँच आली. पायाशी बादली होती, आत झिरपलेलं पाणी उपसायची. मी ती बाहेर बुडवली आणि भरलेली बादली इंजिनावर रिकामी केली.

टण्ण.

एवढाच आवाज. देवळातली घंटा तडकावी तसा. आबा सावकाश वर आले. हातात शेवाळात गुरफटलेली वेफरची पिशवी होती. त्यांनी इंजिनाच्या हेडकडं पाहिलं. हेड म्हणजे इंजिनाचं डोकंच, वरचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं झाकण. त्यावर केसासारखी बारीक रेघ उमटली होती आणि रेघेतून बुडबुडे येत होते.

"मामा," कोमल म्हणाली. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून मामा. "सोमवारी माझा मराठीचा पेपर हाय."

आबांनी फळी उपसली आणि वल्हवायला सुरुवात केली. काठ येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून मला आरडाओरडा करणाऱ्या माणसांबद्दल प्रेम वाटू लागलं आहे.

संध्याकाळी घराघरातून माणसं आली. आमच्या आणि शेजारच्या वाडीची मिळून सहा पोरं परीक्षेला होती. होडीत तिघं मावतात, आणि पोरं घरी यायच्या वेळेला जे वारं सुटतं त्यात होडी कुणी घालत नाही. दुसरी वाट जंगलातली. पेपर गाठायचा तर अंधारात निघायला हवं, आणि त्याच वेळेला अस्वलंही घरी परतत असतात. परीक्षेच्या गावी राहायचं म्हटलं तर तिथं कुणाचे पाहुणे नाहीत. एक म्हातारी माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "पावण्याला चा दिला का न्हाई?" त्या चहाचा प्रत्येक घोट मला आडवा गेला.

"उद्या हेड हुडकाय जातो," आबा म्हणाले. "पावणं, तुमीबी चला."

ही विनंती नव्हती.

शुक्रवार, मेढा आणि कोरेगाव

मेढ्याचा मिस्त्री म्हणजे अंगानं मोठा, बोलायला मोजका. आबांनी पोत्यातून तडकलेलं हेड काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं बोट फिरवलं.

"डोस्कं गेलं. शिवून काय हुनार न्हाई. दुसरं बगा."

"कुटं?"

"असली इंजनं नदीकाठाला उसाचं पाणी उचलाय असायची. कोरेगावच्या अलीकडं एका हवालदाराकडं एक हाय. त्यानं न्हाई दिलं तर मग सांगली." मग त्यानं फळीवरून धूळ झटकून एक चपटं तांब्याचं पॅकिंग काढलं. सिलेंडर आणि हेड यांच्या मध्ये बसतं ते. "हे शेवटचं हाय. हेड मिळालं आन हे नसलं, तर इंजन चालू हुनार न्हाई. वाकवायचं न्हाई, घडी घालायची न्हाई."

आबांच्या खांद्यावर हेडाचं पोतं. म्हणजे पॅकिंग माझ्याकडं. पिशवीत घातलं तर वडापच्या जीपमधल्या गर्दीत त्याची चपाती होणार, ह्या भीतीनं मी एक अक्कल लढवली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ते घातलं आणि बनियनवरून पाठीला सुतळीनं बांधलं. वर शर्ट. मला वाकता येईना, पण पॅकिंगही वाकेना.

त्याचा फायदा कोरेगावात झाला. हवालदार लष्करातून निवृत्त होऊन ऊस करत होते. मिशी अजून नोकरीवर होती. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"कुठली पलटण?"

माझी घाबरगुंडी उडाली. "आत्ता मेढ्याहून येतोय," मी म्हणालो.

"पाठ बगा की ह्यांची," ते आबांना म्हणाले. "निवृत्त झाले तरी वाकली न्हाई."

आबांनी ओठ आवळून घेतले. गुरुवारनंतर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

हवालदारांचं इंजिन विहिरीशेजारच्या खोपीत होतं. वीज आल्यापासून त्याला काम नव्हतं, पण हिरवा रंग ताजा, हेडाला रुपेरी रंग, गळ्यात झेंडूची सुकलेली माळ. हुबेहूब आबांच्या इंजिनाचा भाऊ. आबा त्याच्यापुढं उभे राहिले आणि नकळत पायातल्या चपला काढल्या. मी काम सांगितलं. हवालदारांचा चेहरा उतरला.

"दसऱ्याला सुरू करतो मी हे. माज्या बापानं ह्याच्या जिवावर आमाला वाढवलं. आन तुमी त्याचं डोस्कं मागाय आलाय?"

"तसं नाही, साहेब..."

"तसंच हाय. जेवून जावा. पर डोस्कं न्हाई."

घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी. आमच्या वाडीला भाकरी नाचणीची, काळी, लहान, गिळायला पाणी मागणारी. इथली भाकरी परातीएवढी, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. दुसरी वेळ असती तर मी तीन हाणल्या असत्या. पण समोर ते रुपेरी डोकं दिसत होतं आणि एकेक घास 'सोमवार, सोमवार' करत खाली उतरत होता. आबा तर भाकरी मोडून नुसते बसले होते. हवालदार ते बघत होते. आम्ही उठलो तेव्हा ते म्हणाले, "सांगलीत बाबालालचाचा म्हणून हाय. जुन्या इंजनांच्या सामानाचं दुकान. त्याच्याकडं नसलं तर कुणाकडंच नसंल." आणि माझ्या ताठ पाठीकडं एकदा बघून त्यांनी सलाम ठोकला. मीही ठोकला. सुतळी काचली.

सांगली

कोरेगावहून आम्ही रेल्वे धरली. तळ्यावर वादळात ताठ उभा राहणारा हा माणूस गाडीत दोन्ही पाय बाकावर घेऊन बसला. ताकारी-किर्लोस्करवाडीच्या पुढं डोंगर मागं पडले आणि दोन्हीकडं सपाट शिवार, ऊस, ऊस आणि ऊस. फाटकापाशी उसानं लादलेल्या दोन दोन ट्रॉल्या एकेका ट्रॅक्टरमागं डुलत उभ्या.

"लपाय कायच न्हाई हितं," आबा म्हणाले. "वारं आलं तर माणूस कुटं जातो?"

"आबा, इथं वाऱ्याला कोण घाबरत नाही."

"मग कशाला घाबरत्यात?"

ह्याचं उत्तर सांगलीत उतरल्यावर मिळालं. स्टेशनबाहेरचा रस्ता ओलांडताना आबांनी माझा हात घट्ट धरला. मी त्यांच्या तळ्यावर थरथरलो होतो; ते माझ्या डांबरी रस्त्यावर थरथरत होते. मला जरा बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

बाबालालचाचांचं दुकान बंद होतं. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, "शुक्रवारी उगडत न्हाईत. सकाळी या." मग एक लॉज, कागदात बांधलेलं भडंग आणि रात्रभर आबांचं जागं राहणं. ते कूस बदलत नव्हते, म्हणून मला कळलं.

सकाळी अंघोळ करून मी पॅकिंग परत पाठीला बांधलं. माणसाला कशाचीही सवय होते. दुकानात पोचेपर्यंत ते पाठीवर आहे हेच मी विसरून गेलो. ही ओळ लक्षात ठेवा.

ती गल्लीच लोखंडाची. नाकात गंज आणि मध्येच कुठूनतरी हळदीचा वास. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनांचे अवयव वेगवेगळे रचलेले, आणि त्यांच्या मध्ये पांढऱ्या दाढीचे, खांद्यावर टॉवेल टाकलेले बाबालालचाचा. आबांनी पोतं सोडलं. चाचांनी हेडाकडं पाहिलं आणि मग आमच्याकडं.

"गार पानी कुनी वतलं?"

आबा पत्र्याकडं बघायला लागले.

"मी," मी म्हणालो.

"तरीच. शिकल्याला मानूस दिसतोय." चाचा उठले. "आडानी मानूस भ्याला तर पळतो. शिकल्याला भ्याला तर काय तरी करून बसतो."

त्यांनी ढिगातून तसंच एक हेड ओढून काढलं. माझा जीव भांड्यात पडला, पण चाचा म्हणाले, "थांबा." त्यांनी त्यावर रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं केलं आणि वरून खडू फासला. आम्ही तिघं टक लावून बघत बसलो. पांढऱ्या खडूवर हळूहळू एक ओली, काळपट रेघ उमटली. जणू आतून कुणी लिहीत होतं.

"हेबी गेल्यालं."

आबांनी डोळे मिटले. चाचांनी आणखी ढीग उपसला. पार तळातून, मातीत अर्धं रुतलेलं, एक निघालं. परत रॉकेल, फडकं, खडू. ह्या वेळी मी बघितलंच नाही; मी आबांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. खूप वेळ तो हलला नाही. मग त्यांनी श्वास सोडला. खडू पांढराच राहिला होता.

"हे न्या," चाचा म्हणाले. "बिनघोर न्या."

मी खिशात हात घातला. आबांनी माझं मनगट धरलं.

"आज वार कुटला?"

शनिवार. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, हे मला ठाऊक होतं, जसं मांजर आडवं जाऊ नये हे ठाऊक असतं. पण पाण्यावरचा माणूस ते पाळतो, हे ठाऊक नव्हतं.

"आबा, उद्या घेऊन कधी पोचणार आणि कधी बसवणार? सोमवारी पेपर आहे. कोमलचा."

"माजीच पोर हाय ती. मला म्हाईत हाय."

"मग?"

"मग त्याच लाँचीत ती बसनार हाय." आबांचा आवाज हळू झाला. "जमिनीवर माणूस चुकला तर खाली बसतो. पाण्यावर चुकला तर कुटं बसायचं, सांगा."

गुरुवारी मी तेच तर शोधत होतो, कुठं बसायचं. बारीकशा आवाजात चार तर्क दिले, तेही वाटेतच विरले. आबा हेडाकडं बघत होते आणि हात मागं बांधून उभे होते, लहान पोरं मिठाईच्या दुकानासमोर उभी राहतात तशी.

चाचा खडूचे हात पुसत म्हणाले, "आवं, मी इकतच न्हाई. मग तुमी घेतलं कसं म्हनायचं? शनवारी निम्मी गिऱ्हाइकं आशीच येत्यात. उसनं न्या. काय तरी ठेवून जावा. वार बदलला की यवहार."

आबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं.

"घड्याळ नगं. घड्याळ ठेवून गेल्यालं मानूस परत येत न्हाई. एकानं शेळी ठेवली हुती, तिनं गिऱ्हाइकाचं धोतर खाल्लं." चाचांची नजर दुकानभर फिरली आणि माझ्यावर थांबली. "ह्यांना ठेवा."

"कुणाला?" मी विचारलं.

आबा माझ्याकडं बघून पहिल्यांदाच मनापासून हसले. "चालंल," ते म्हणाले. "तसंबी लाँचीवर ह्यांचं काय काम न्हाई."

तर अशा रीतीनं, उभ्या महाराष्ट्रात ओतीव लोखंडाच्या बदल्यात गहाण पडलेला मी बहुधा एकमेव पेन्शनर आहे. आबा नवं हेड खांद्यावर घेऊन दुपारच्या गाडीनं गेले. मला दुकानात एक स्टूल मिळालं.

"ह्ये कोन?" येणारं गिऱ्हाईक विचारायचं.

"ठेवून गेलेत," चाचा सांगायचे. "उद्या सुटनार."

"काय बिघाड हाय?"

"डोस्क्यात."

दुकानामागंच चाचांचं घर होतं; दुपारी तिथून चाचींनी विचारलं, "शनवार पाळता काय तुमी?" मी म्हणालो, सकाळपासून पाळतोय. त्यांनी भात आणि दुधी घातलेली आंबट डाळ वाढली, दालचा म्हणतात त्याला, आणि मटणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. आमच्या वाडीला पाहुण्याला वाढताना यजमान समोर बसून बघत राहतो. इथं चाची वाढून आत जायच्या आणि ताट रिकामं व्हायच्या आत कशा कोण जाणे पुन्हा हजर व्हायच्या. गुरुवारनंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. जेवून सुस्तावलो आणि भिंतीला पाठ टेकली.

पाठीत टोकदार काहीतरी रुतलं.

मी उभा राहिलो. चाची म्हणाल्या, विंचू चावला काय. मी शर्ट वर करून पाठ दाखवली.

चाचांनी सुतळी कापली, पुठ्ठे बाजूला केले आणि तांब्याचं ते पॅकिंग हातात धरून माझ्याकडं बघितलं. त्यांना काही विचारायची गरज नव्हती. आबा हेड घेऊन पोचणार, आणि हेड बसवता येणार नाही. आबांचा मोबाईल भिजू नये म्हणून लाँचीवरच्या डब्यात असतो. वाडीत रेंज नाही. मेढ्याच्या मिस्त्रीकडं दुसरं नाही. मला दिसत होतं ते एवढंच: सोमवारची पहाट, अंधारातली पायवाट, आणि हॉल तिकीट हातात धरून पुढं चालणारी कोमल.

"जावा की मग," चाचा म्हणाले. "आत्ताच्या गाडीनं निगा. मला काय, तुमी गेला तर मी काय पोलिसात जानार हाय?"

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेलो. आणि थांबलो.

मी उठून गेलो तर ते हेड उसनं राहत नव्हतं. पैसे देऊन गेलो तर शनिवारची खरेदी, न देता गेलो तर चोरी. आणि त्याच लाँचीत ती सहा पोरं बसणार. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मला पोहताही येत नाही. आबांनी ज्या भीतीनं हात मागं बांधले होते, ती भीती मला त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा नीट दिसली. ती वेडगळ नव्हती. स्वतःच्या पोरीला रोज पाण्यावर घालणाऱ्या माणसाची ती भीती होती.

"चाचा, उद्या सूर्य उगवेपर्यंत मला उठता येणार नाही," मी म्हणालो. "आणि उद्या उठून उपयोग नाही. उशीर होतो."

आतून चाचींचा आवाज आला.

"त्यांचा वार कशाला बगताय? दुकान कुनाचं हाय?"

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "खरं की. आमचा वार सकाळी लागत न्हाई, साहेब. मगरिबची अजान झाली, दिवस बुडला, की आमचा दुसरा वार लागला. आज दिवस मावळला की ह्या घरात ऐतवार."

"म्हणजे..."

"म्हंजी बसा. अजून दिवस हाय."

चाचांनी पॅकिंगचा दुमडलेला कोपरा दोन सपाट लोखंडांत दाबून लाकडी हातोडीनं सरळ केला. मी दारात स्टूल टाकून सूर्याकडं बघत बसलो. कासच्या पठारावर, महाबळेश्वरला, लोक मुद्दाम मावळता सूर्य बघायला जातात. त्यांना तो कसा दिसतो कोण जाणे. मला तो सांगलीच्या एका पत्र्याच्या शेडवर अडकून बसलेला दिसला, जणू त्यालाही कुणी गहाण ठेवलं होतं. मध्येच ढग आला तर मी दचकायचो. शेवटी पत्र्यांमागं लाली उरली, आणि मशिदीतून अजान आली.

चाचा नमाज पढून परत आले. टोपी न काढताच गल्ल्यावर बसले, आणि मी पैसे दिले.

"सुटला," ते म्हणाले. "पळा आता."

रविवार, बामणोली

गाड्या बदलत, स्टँडवर डुलक्या घेत मी सकाळी बामणोलीला उतरलो. काठावर होडी लागली होती, आणि होडीत आबा. ते कधीपासून बसले होते कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि शर्ट वर धरला. पुठ्ठे सोडवताना त्यांची बोटं थंडगार लागली.

अर्ध्या पाण्यापर्यंत नुसता वल्ह्यांचा आवाज.

"पैसं कवा दिलं?" आबांनी विचारलं.

ह्या प्रश्नाला मी आदल्या रात्रीपासून भीत होतो. 'ऐतवारी' एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खाली चावडी होती. मी सगळं सांगितलं. स्टूल, भिंत, दार, चाची, अजान. आबांचं वल्हं थांबलं. होडी आपली आपण थोडी फिरली. मी दोन्ही हातांनी कडा पकडून बसलो.

"चाचांनी सोताच्या तोंडानं सांगितलं, ऐतवार लागला म्हणून?"

"हो. आणि अजान मी स्वतः ऐकली."

"नमाज पढून आले, मंग पैसं घेतलं?"

"टोपीसुद्धा काढली नव्हती."

आबांनी वल्हं परत पाण्यात घातलं. "दुकान त्यांचं," ते स्वतःशीच म्हणाले. आणि काही वेळानं, "वारबी त्यांचाच म्हणायचा."

वाडीला पोचलो तेव्हा कळलं. नवं हेड लाँचीवर नव्हतंच. ते काठावर, आंब्याखाली, कोरड्या पोत्यावर ठेवलेलं होतं. व्यवहार पुरा झाल्याशिवाय आबांनी ते लाँचीवर चढवलं नव्हतं. आता त्यांनी त्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि खांद्यावर घेतलं.

दिवसभर नटबोल्टांवर पाने फिरत होते. मला जवळ येऊ दिलं नाही, मीही गेलो नाही. उन्हं उतरायच्या सुमाराला आबांनी हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काळा धूर फेकून इंजिन खोकलं, आणि मग त्याचा तो जुना, जाड, रेंगाळता आवाज डोंगरावर आपटून परत आला. काठावरच्या म्हातारीनं विचारलं, "पावण्याला चा दिला का?" ह्या वेळी तो गोड लागला.

सोमवार

सकाळी सहा पोरं लाँचीत बसली. मी जाणार नव्हतो. पण पोरं पाण्यावर आणि मी काठावर, ह्यापेक्षा मी पाण्यावर बरा असं माझ्या भीतीलाच वाटलं. मधोमध आलो, चावडीच्या वर. आबांनी तळहात हेडावर ठेवला आणि तसाच ठेवला. रंग फुगला नाही. धूर आला नाही. माझे हात मात्र सवयीनं पायाशी बादली चाचपडत होते.

बादली नव्हती. समोर कोमल ती पालथी घालून तिच्यावर बसली होती, धडा वाचत.

"हुडकू नका, मामा," ती वर न बघता म्हणाली. "मला बसाय लागती."

बामणोलीला पोरं उतरली. आबा इंजिनाशी थांबले. कोमल चार पावलं गेली, परत फिरली, लाँचीतली बादली उचलून काठावर आणली आणि माझ्यापुढं पालथी ठेवली.

"पेपर सुटूस्तवर ह्याच्यावर बसायचं. उठायचं न्हाई."

"अगं, पण..."

"आबांनी सांगितलंय. तुमाला एका जागी ठेवलं की काम हुतं."

लाँचीतून आबांचं हसणं ऐकू आलं. पोरं चढाच्या वाटेनं दिसेनाशी झाली. मी बादलीवर बसलो, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, आणि पेपर सुटेपर्यंत तिथून हललो नाही.